ठिपका गोलच होता

रायफलवर रेड डॉट साइट, म्हणजे नेम धरायला काचेत लाल ठिपका दाखवणारी दुर्बिणीसारखी नळी, लावायची हे ठरवलं सुशांतनं, पण ती बसवली आसावरीनं. आसावरी नागपूरची, मेकॅनिकल इंजिनिअर. कॉलेजात एनसीसीत असताना तिनं नेमबाजीत बक्षिसं मिळवली होती. चांगली नोकरी सोडून, लग्न करून अमेरिकेत ईडन प्रेरीला आली, आणि सुशांतच्या व्हिसापायी नोकरीची परवानगी नसल्यानं कितीतरी वर्षं तिला घरी बसावं लागलं. ग्रीन कार्ड आलं तेव्हा तिनं हट्टानं नेमबाजीच्या रेंजची मेंबरशिप घेतली. सुशांत तिच्या मागोमाग गेला.

दुकानातल्या माणसानं साइट दाखवता दाखवता विचारलं होतं, "डोळ्यांना सिलिंडरचा नंबर नाही ना? असला तर यातला लाल ठिपका फाटका दिसतो. मग दुसरा प्रकार घ्या."

"छे, डोळे परफेक्ट आहेत," सुशांत म्हणाला. नंबराचा चष्मा त्याच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. लावला की वय दिसतं म्हणून तो लावत नसे. आसावरीनं त्याच्याकडे पाहिलं, पण परक्या माणसासमोर ती काही बोलली नाही.

घरी आल्यावर रायफल रिकामी असल्याची खात्री करून तिनं साइट बसवली, टॉर्क रेंचनं स्क्रू बेतानं आवळले आणि प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. स्क्रू हलला तर रेघ तुटलेली दिसणार. मग एकटीनंच रेंजवर जाऊन ठिपका आणि गोळी एका जागी जुळवून आणली.

रविवारी त्यांनी सुशांतचा मित्र राकेश आणि त्याची बायको यामिनी यांना रेंज दाखवायला नेलं. सुशांत ऐटीत पहिला बसला. काचेत त्याला ठिपक्याऐवजी लाल रंगाचा फराटा दिसला. त्यानं गोळ्या झाडल्या. निशाणाच्या कागदावर कुठेही कशाही लागल्या. मागे राकेश खुसखुसला.

"साइट लूज आहे," सुशांत रायफल खाली ठेवत म्हणाला. "हिनं बसवलीये ना! इतकी वर्षं घरी बसून हिच्या हाताला कामाची सवयच राहिली नाही."

यामिनीनं मान खाली घातली. आसावरी पुढे झाली, रायफल रिकामी केली, स्क्रू पाहिले. एकही रेघ तुटली नव्हती.

"राकेश, तू बघ," ती म्हणाली.

राकेशनं डोळा लावला. "ठिपका तर मस्त गोल आहे यार!"

यामिनीलाही गोलच दिसला. मग आसावरी बसली आणि शांतपणे गोळ्या झाडल्या. कागदावरची भोकं एकमेकांना चिकटून पडली. सुशांतचे कान तापले.

"ऊन फार आहे आज," आसावरी म्हणाली. "त्यासाठी ठेवलेला ठिपक्याचा ब्राइटनेस जास्त झाला असेल, म्हणून याला नीट दिसलं नाही."

ती आपल्याला सांभाळून घेतेय हे कळलं आणि त्याला तिथे उभं राहवेना. "ऊन नाही," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांना नंबर आहे. दुकानात विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

राकेश हसला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि विषय बदलला. आसावरीची माफी मात्र सुशांतच्या तोंडून निघाली नाही. पार्किंग लॉटमध्ये टाटा-बाय झालं, गाडी रस्त्याला लागली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "सॉरी. तुझ्या हाताबद्दल बोललो ते."

"डोळ्यांचं त्यांच्यासमोर सांगितलंस," आसावरी खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "माझ्या हाताचं मात्र इथे, काचा वर करून."

"तेव्हा सुचलं नाही गं."

"आणि घरी का बसले होते मी, सुशांत? हौस म्हणून?"

पुढच्या एक्झिटला त्यानं गाडी वळवली आणि परत रेंजच्या पार्किंग लॉटमध्ये आणली. राकेश आणि यामिनी अजून त्यांच्या गाडीशीच कॉफी पीत उभे होते. सुशांत उतरला. आसावरी बसूनच राहिली.

"मघाशी मी आसावरीला जे बोललो ते चूक होतं," तो म्हणाला. "काम तिचं चोख होतं. आणि ती घरी बसली ती माझ्या नोकरीसाठी. तिची नोकरी भारतात चांगली चालली होती."

"अरे, इट्स ओके यार, एवढं काय," राकेश गडबडून म्हणाला.

"नाही, ओके नाहीये," यामिनी म्हणाली. आणि सुशांतला ओलांडून ती आसावरीच्या खिडकीशी गेली.

दोघी बराच वेळ बोलत होत्या. सुशांत राकेशशेजारी उभा राहिला. राकेशनं पुढे केलेली कॉफी त्यानं घेतली, पण ती पिववेना, आणि गाडीच्या दिशेनं मान वर करून पाहण्याचं धाडसही होईना.