उत्तरेश्वर सरांचं बाकडं

मी परळीच्या एका मैदानावरचा बाक बोलतोय. बाक हा शब्द पुस्तकातला झाला, इथं मला सगळे बाकडं म्हणतात आणि मलाही त्याचीच सवय आहे. फुटबॉलच्या सामन्यात राखीव खेळाडू आणि त्यांचे कोच ज्याच्यावर बसतात ना, तो मी. सामना नसेल त्या दिवशी माझ्यावर गावातले शहाणे बसतात, आणि परळीत शहाण्यांना तोटा नाही.

जन्म माझा बाभळीचा. मेंढरं राखणाऱ्या धुळाजीच्या बांधावर मी वाढलो आणि एका वादळात आडवा झालो. बाभळीचं लाकूड म्हणजे औताचं, बैलगाडीचं. मला वाटलं होतं, आता आपण गाडीला लागणार, चार गावं फिरणार. पण नवयुवक क्लबच्या पोरांनी धुळाजीला गळ घातली. बदली खेळाडू भुईवर बसतात, उठले की त्यांच्या चड्ड्या राखेनं करड्या झालेल्या असतात, लोक हसतात. धुळाजी फुटबॉलचा वेडा. त्यानं मला सुताराकडं नेलं आणि माझं बाकडं करून मैदानात आणून ठेवलं. फिरायचं राहिलं, बसवायचं काम नशिबी आलं.

राखेचं नवल तुम्हाला वाटेल, आम्हाला नाही. वीजकेंद्राची राख आमच्याकडं वाऱ्यावर येते आणि मिळेल त्या जागेवर बसते. सकाळी पुसलेला मी दुपारी पुन्हा करडा. बाहेरगावचे संघ आमच्या पोरांना राखुंडीवाले म्हणून चिडवायचे. पोरांनी त्याचाच रिवाज केला. सामन्याआधी प्रत्येकजण माझ्यावरची राख बोटानं उचलून कपाळाला लावायचा. वैजनाथाच्या दारातली पोरं राखेला लाजतील कशी?

हा रिवाज पोरांना लावून दिला उत्तरेश्वर सरांनी. ते क्लबचे कोच. पूर्वी इथंच खेळले, मग एका शाळेत खेळाचे शिक्षक झाले आणि संध्याकाळी क्लबची पोरं घडवू लागले. मोबाइलवर परदेशी सामने बघून बघून चाहते त्यांना म्यानेजर म्हणायला लागले होते. सर हसायचे. आले की आधी तळहातानं माझं डावं टोक पुसायचे, मग बसायचे. आणि त्या दिवशी ज्याला संघातून वगळलंय, त्याला हाक मारून शेजारची जागा दाखवायचे. "बस बाबा, इथं बस." रुसलेलं पोरगं दोन मिनिटं उभं राहायचं, मग बसायचं.

माझ्या आयुष्यात मी सगळ्यांत जास्त ऐकलेला शब्द तोच. बसा. आमच्या मुलखात भांडायला आलेल्यालाही आधी बसा म्हणतात, शिव्या मागाहून देतात. या रीतीचा मला फार अभिमान होता. होता म्हणतोय, ते ध्यानात ठेवा.

सरांच्या हाताखाली क्लबनं जिल्ह्याचा चषक आणला. ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली, आणि गुलाल माझ्या फटीत गेला तो पुढं कित्येक दिवस निघाला नाही. त्यात सगळ्यांत पुढं नाचत होता अंगद. अंगदचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. सरांच्या वाढदिवसाला तो चौकात त्यांचा फोटो लावायचा, मागं डरकाळी फोडणारा वाघ. सर शेळीच्या स्वभावाचे; फ्लेक्स दिसला की मान खाली घालून वाट बदलायचे.

मग उतरती कळा लागली. कारण उघड्या डोळ्यांना दिसेल असं होतं. दिवाळी झाली की संघातली निम्मी पोरं आई-बापाबरोबर ऊसतोडीला जातात, ती थेट गुढीपाडव्याच्या पुढं परततात. आधी एखाददुसरा जायचा. हल्ली घरात कोयता धरणारे हात कमी पडायला लागले आणि गोलकीपर बजरंगसकट सगळी बळकट पोरं टोळ्यांत जाऊ लागली. जिल्ह्याचे सामने मात्र नेमके थंडीतच. सर उरलेल्यांना घेऊन लढायचे आणि हरायचे. बजरंगचे हातमोजे ते माझ्यावर शेजारी ठेवून बसायचे, जणू तो चहा प्यायला गेलाय आणि येईलच.

चाहत्यांना कोयता दिसला नाही, म्यानेजर दिसला. रोज संध्याकाळी माझ्या पाठीवर पंचायत बसायची. सरांचे डावपेच जुने झाले, सरांना पोरांचा लळा आहे पण जिंकायची भूक नाही, परदेशात असं चाललं असतं का, एव्हाना नारळ दिला असता. ज्यांनी आयुष्यात चेंडूला कधी लाथ मारली नाही ते बचाव कसा करावा ते सांगत होते. धुळाजी एकटा सरांच्या बाजूनं बोलायचा. मेंढरंच वाड्यात न्हाईत तर मेंढक्यानं राखावं काय, म्हणायचा. त्याला कोण विचारतो!

अशात सर एकदा अंबाजोगाईला गेले. त्यांच्या आईला, छबुबाईंना मोतीबिंदूनं वर्षभरापासून सगळं धुरकट दिसत होतं, लेकाचं तोंडसुद्धा. तिथल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आईला त्याच गावात दिलेल्या बहिणीकडं ठेवलं आणि सर परत आले. सरळ मैदानावर, माझ्याकडं. सरावाला आलेली चार पोरं घरी गेली होती. सर बसले आणि त्यांचा फोन वाजला.

पलीकडं अमरसिंह होते. अंबाजोगाईच्या क्लबचे अध्यक्ष, आमचे हाडवैरी. दवाखान्यासमोरच्या हॉटेलात त्यांनी सरांना गाठलं होतं, चहा पाजला होता, आपल्याकडं या म्हणून आग्रह केला होता. आता उत्तर मागत होते.

सर म्हणाले, "साहेब, तुमचं मैदान हिरवं हाय, मान्य. पण माझी पोरं उसाला गेलीत. ती माघारी आल्यावर मी इथं दिसलो न्हाई, तर त्येंनी कुणाकडं बघावं? न्हाई, मी येत न्हाई."

फोन खिशात घालून सर जरा वेळ बजरंगच्या मोज्यांशी चाळा करत बसले, मग घरी गेले. हे सगळं मी ऐकलं. मी एकट्यानं.

दुसऱ्या दिवशी क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरत होता. सर आणि अमरसिंह, समोर चहाचे कप. कुणी काढला ते आजवर कळलं नाही. संध्याकाळी माझ्यावर बसायला जागा उरली नाही, इतकी माणसं. जहाज बुडायला लागल्यावर कॅप्टनच पळाला, म्हणून एकानं कपाळ बडवलं. अंगद मात्र फोटो मोठा करकरून बघत होता. वाघ छापणारा माणूस तो, त्याला सगळ्यांत जास्त लागलं होतं.

धुळाजी म्हणाला, "आरं, त्येची आय डोळ्याच्या आपरेशनला गेलती. मास्तरला एकदा इचारा तरी."

"इचारायचं कावून?" अंगद उसळला. "फोटो खोटं बोलतो का बे? इतकी वर्सं ह्या मानसाला आमी डोक्यावर घेतलं अन् ह्यो दुश्मनासंग च्या पितो."

मला त्या क्षणी फळी मोडून ओरडावंसं वाटलं. सरांचं घर मैदानापासून हाकेवर होतं. एकजण उठला असता, दार वाजवलं असतं, तर सरांनी आधी बसा म्हटलं असतं आणि मग सगळं सांगितलं असतं. कुणी उठलं नाही. त्याऐवजी एक टूम निघाली.

आमच्या जिल्ह्यात बारशापासून बाराव्यापर्यंत सगळं फ्लेक्सवर असतं. अंगदनं सरांचा तोच वाढदिवसाचा फोटो घेतला, मागचा वाघ काढला, भोवती झेंडूचा हार घातला, दोन बाजूंना दोन समया पेटवल्या. खाली छापलं : नवयुवक क्लबवरची निष्ठा काल वारली. भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल, समस्त चाहते. मैदानाच्या फाटकावर फ्लेक्स चढला तेव्हा सगळे पोट धरून हसले. आता मास्तर चिडून येतील, भांडतील, आणि भांडणात खरं काय ते बाहेर पडेल, असा त्यांचा हिशेब होता. खरं सांगायचं तर, सरांनी येऊन मी जात नाही म्हणावं, हीच अंगदची आतली इच्छा होती. पण विचारायचं सोडून त्यानं माणसाला हार घातला.

तो सोमवार होता. अंबाजोगाईत छबुबाईंच्या डोळ्याची पट्टी सुटली. लेक म्हणाली, आज राहा. म्हातारी ऐकेना. सोमवार आहे, वैजनाथाचं दर्शन घेते, आणि लेकाचं तोंड डोळे भरून बघते. नातवानं परळीच्या गाडीत बसवून दिलं. दर्शन घेऊन, पदरात बेल आणि प्रसाद बांधून, काळा चष्मा लावून ती विचारत विचारत मैदानाकडं आली. लेक या वेळी मैदानावर असतो हे तिला ठाऊक होतं. सर होतेही; फ्लेक्स दिसल्यावर भांडायचं सोडून, नेहमीसारखी मान खाली घालून ते आत सरावाला गेले होते.

फाटकाशी ती थांबली. चष्मा वर केला.

छबुबाईंना अक्षर येत नाही. निष्ठा वारली की आणखी कोण, हे तिला कसं कळावं? तिला लेकाचा चेहरा दिसला, हार दिसला, समया दिसल्या. ती तिथंच खाली बसली. प्रसादाची पुडी सुटून राखेत पडली.

पोरं धावली. आतून सर पळत आले, आईला उचललं आणि माझ्यावर आणून बसवलं. म्हातारीचं वजन ते काय, पण तेवढं जड मी कधी काही पेललं नाही. ती दोन्ही हातांनी सरांचं तोंड चाचपत होती, कपाळ, गाल, हनुवटी. दृष्टी परत आली होती तरी डोळ्यांवर विश्वास नव्हता. कुणीतरी पाणी आणलं. अंगद समोर उभा होता, चुन्यासारखा पांढरा.

दोन घोट पिऊन ती म्हणाली, "डोळा उघडला की पैलं तुजंच त्वांड बघायचं म्हणलं होतं बाबा. बघितलं."

सरांनी खुलासा केला नाही. अमरसिंहांना दिलेला नकार त्यांनी कुणाला सांगितला नाही. मी वाट बघत होतो, आता सांगतील, आता सांगतील. त्यांनी अंगदकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "आधी ते उतरव." मग आईला धरून चालत गेले. बजरंगचे मोजे माझ्यावरच राहिले.

थोड्याच दिवसांत बातमी आली, सर अंबाजोगाईच्या क्लबला गेले. पुन्हा पंचायत बसली, आणि काय बोलले असतील? "बघा, आमी म्हणलं नव्हतं का? गेलाच शेवटी." अरे, हाकलून दिल्यावर माणूस जाईल नाही तर काय करील? स्वतःच घर पेटवायचं आणि धूर दिसला की म्हणायचं, आग लागणार हे आम्हाला माहीतच होतं. एवढी वर्षं या लोकांना मी पाठ दिली. ऊन, पाऊस, राख सोसून यांना बसवलं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, त्यापेक्षा चुलीत गेलो असतो तर कुणाची भाकरी तरी भाजली असती.

राग माझा सरांवरही आहे. का नसावा? पाडव्यानंतर टोळ्या परत आल्या. बजरंग काळवंडून, हाताला कोयत्याचे घट्टे घेऊन आला आणि गावात शिरल्या शिरल्या मैदानावर आला. माझं डावं टोक रिकामं. त्यानं मोजे उचलले, त्यातली राख झटकली आणि विचारलं, "सर कुठायत?" माझ्यावर बसलेले सगळे एकदम दुसरीकडं बघायला लागले. कुणाकडं बघावं त्यांनी, असं सरच म्हणाले होते ना फोनवर?

उन्हाळ्यात अंबाजोगाईचा संघ आमच्याकडं खेळायला आला. पाहुण्यांसाठी पलीकडच्या रेषेवर मंडपवाल्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सर फाटकातून आत आले. डोक्यात काय चाललं होतं कोण जाणे, पण पाय सवयीनं माझ्याकडं वळले. सर आले, वाकले आणि तळहातानं माझं डावं टोक पुसलं. तोच हात. मी ओळखला.

बसायला म्हणून ते वळले आणि समोर सगळे दिसले. सर तसेच उभे राहिले.

एक शब्द हवा होता. दोन अक्षरांचा. जो शब्द इथं पाहुण्याला, परक्याला, भांडायला आलेल्याला फुकट मिळतो, तो. अंगदनं मान खाली घातली आणि मोबाइल चाळायला लागला. त्याला राग नव्हता, लाज होती, हे मला दिसत होतं. पण लाजेनं गप्प बसलेला माणूस आणि रागानं गप्प बसलेला माणूस समोरच्याला सारखाच दिसतो. गोलमध्ये बजरंग मोज्यांचे बंद आवळत राहिला, त्यानं वर बघितलं नाही. मी धुळाजीकडं आशेनं बघितलं. त्याचा तो एकट्यानं सरांची बाजू घेणारा आवाज. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. मग बाजूला तंबाखू थुंकला आणि तोही गप्प बसला.

सरांनी तळहाताला लागलेली राख बघितली. ती झटकली नाही. मूठ मिटली आणि चालत पलीकडं गेले. सामनाभर ते उभेच होते. मांडलेल्या खुर्चीतही बसले नाहीत. आमची पोरं हरली. शेवटची शिट्टी झाली तेव्हा तिकडचे नाचले, सर नाचले नाहीत.

आता माझं एक टोक किडलंय. क्लबचा संघ उरलाय नावापुरता, पंचायत मात्र रोज भरते. ऊन लागतं म्हणून अंगदनं माझ्या वर छतासारखा एक जुना फ्लेक्स ताणून बांधला. आमच्याकडं फ्लेक्स कुणी टाकून देत नाही, कडब्यावर घालतात, छपराला लावतात. वरून बघाल तर नुसता पांढरा. छापलेली बाजू त्यानं खाली केली, कुणाला दिसू नये म्हणून. बसणारा मान वर करत नाही. मी मात्र आभाळाकडं तोंड करून पडलेला असतो. दिवसभर मला हार घातलेले उत्तरेश्वर सर दिसतात.

तुमच्या दारात कधी तुमच्याशी चुकलेलं किंवा तुम्ही ज्याच्याशी चुकलात ते माणूस येऊन उभं राहिलं, तर खरंखोटं मागाहून करा. आधी बसा म्हणा. मी बाकडं आहे, जागा देऊ शकतो. तेवढा शब्द मला बोलता येत नाही.