घागरीला लागलेला हात

पेन्सिलीचं मागचं टोक चावून चावून चपटं झालं होतं, आणि त्याच ओल्या टोकाने सुभेदार तिच्या पिठाच्या डब्याचं झाकण उचलत होता — एवढा मोठा माणूस, खांद्यावर दोन तारे, आणि पेन्सिल खाऊ नये एवढं घरी कुणी शिकवलं नाही… कुसुमावती बाजूच्या खोलीच्या दारात उभी राहून बघत होती. पीठ होतं. खालच्या डब्यात तुरीची डाळ होती. दुसरं काय सापडणार होतं त्याला, तोफ?

दर तीन महिन्यांनी हे नाटक. छावणीत लग्न झालेल्यांना घरं पुरत नाहीत, म्हणून यांना, तिच्या हवालदार नवऱ्याला, गावातल्या मानिक चौकामागे दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायची परवानगी मिळाली होती. आणि हवालदाराची बायको खरोखर सोबत राहते की नुसती कागदावर आहे, हे बघायला सुभेदार यायचा, मागे वही धरलेला कारकून. संशय आला की परवानगी रद्द. मग हे बराकीत, आणि ती परत सासरच्या गावी, मोठला, सासूबाईंच्या, अहिल्याबाईंच्या हाताखाली — जिथे चार वर्षं काढली, जिथे सुट्टीवर आलेल्या नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर गोठ्यात शेणाचं निमित्त काढून जावं लागे. इथे येऊन आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत ती मोठ्याने हसायला लागली होती. ते हसू आता या चावलेल्या पेन्सिलीच्या हातात होतं, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त राग येत होता.

"खाना कौन बनाता है?" सुभेदाराने करपलेल्या पोळीकडे बघत विचारलं.

"आज मैंने बनाया, साब."

हे सावधान उभे होते. स्वतःच्या घरात, अनवाणी पायांनी, सावधान!

"घरवाली के होते हुए?"

सुभेदार तिच्या शेजारून बाजूच्या खोलीत डोकावला. तिथे चटई, गुंडाळलेलं कांबळं, एकटीचं ताट, एकटीचा तांब्या.

"यहाँ कौन सोता है?"

"जी… ये."

"और तुम?"

"उधर, साब."

कारकुनाने वहीवरून मान वर केली आणि तो गालातल्या गालात हसला. तसलं हसू तिने बाजारात पाहिलं होतं, आणि तिथे तिने त्यावर थुंकून पुढे जायला वेळ लावला नसता.

"हवालदार, सच बोलो. मुआयने के लिए कल मोठ से बुलवा लिया इसे?"

हसावं की रडावं! जालंधरकडचा माणूस, त्याला काय ठाऊक. दुसरा दिवस होता तिचा. कावळा शिवलाय, तीन दिवस चुलीला, पाण्याला, अंथरुणाला हात लावायचा नाही — एका वाक्याचं काम. पण लडाखच्या बर्फात जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन सहा मैल आलेल्या माणसाची या एका वाक्यापुढे दातखीळ बसली होती. लाज वाटते म्हणे. माझी चटई तीन माणसांना दाखवताना नाही वाटली ती लाज! आणि हे सगळं सांभाळायचं कुणासाठी? पहिल्याच महिन्यात मी म्हटलं होतं, अहो, इथे कोण बघतंय? तर म्हणाले, देव बघतो. आणि दर पत्रात आईला लिहितात, घरात सगळं रीतीने चाललंय. बरोबर आहे… देव बघतो, सासूबाई मोठहून बघतात, आता सुभेदारही बघून घेतो, आणि ज्याने माझ्याकडे बघायचं तो समोरच्या भिंतीकडे बघत उभा आहे.

"लिखो," सुभेदार कारकुनाला म्हणाला, "शक है कि पत्नी…"

वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा पाय उंबऱ्याच्या आत पडला होता.

तिने पितळी घागरीवरचं झाकण काढलं आणि पेला आत बुडवला, पार मनगटापर्यंत. मागे हे जोरात श्वास घेतात ते तिने ऐकलं. मग न बघता मागच्या रांगेतला तिसरा डबा ओढला, गुळाचा खडा काढला आणि दोन्ही समोर धरलं.

"लीजिए साब. दो दिन से तबीयत ठीक नहीं थी, इसलिए अलग पड़ी थी. घर मेरा ही है."

सुभेदाराने डब्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. परक्या बाईला तिसरा डबा सापडत नाही, एवढं बहुधा त्याच्या बायकोने त्याला शिकवलं असावं. त्याने गूळ खाल्ला, घटाघटा पाणी प्यायला, "ठीक है, बेटी," म्हणाला. कारकुनाने लिहिलेलं खोडलं. जिना उतरताना दोघे उन्हाबद्दल बोलत होते.

घर वाचलं. तिला आनंद व्हायला हवा होता.

"अगं…" हे म्हणाले, आणि थांबले.

घागर उघडीच होती. देवाचं पाणी तिच्यातलं, प्यायचंही तिच्यातलंच. दुसरं पाणी आणायचं तर चौकातल्या नळावर. तपासणीच्या गडबडीत सकाळपासून यांनी घोटभरही घेतलं नव्हतं, ओठ सुकले होते. त्यांनी तो पेला उचलला, घागरीपाशी गेले, आणि पेला हातात धरून उभे राहिले.

ती चटईवर परत गेली नाही. डब्यांच्या फळीला टेकून बघत राहिली — त्यांची मान, घामेजलेली पाठ, पेल्यावर घट्ट झालेली बोटं. आत काय आहे? झाकण उचललं तर काय निघेल? आणि मग तिच्या लक्षात आलं की आठ महिन्यांत आपण यांच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं; असं तर तो सुभेदार डब्यांकडे बघत होता. पेन्सिल तेवढी नव्हती तिच्या हातात.

पिऊ नका, असं तिला एकदम वाटून गेलं. तुम्ही प्यायलात तर मला तुमच्याबद्दल पुन्हा काहीतरी चांगलं वाटायला लागेल… आणि आत्ता, या घटकेला, ते मला नकोय.

पेला घागरीच्या काठाला लागून वाजला आणि पाण्यात बुडाला. तिने नजर हटवली नाही.