दबणारं चाक

जानरावनं तीनचाकीच्या मागच्या चाकावर अंगठा रोवला आणि तोंड वाकडं केलं. त्याची बायको बनाबाई सीटवर बसताच चाक खालून दबलं होतं. मोताळ्याच्या रस्त्यावर तीस वर्षं पंक्चरचं दुकान चालवणारा माणूस तो. हवेच्या बाबतीत त्याचा अंगठा कधी चुकला नव्हता.

"हवा कमी आहे," तो म्हणाला.

"त्याच्यात हवा नाहीच," बनाबाई हसली. "पोरगी सांगू सांगू थकली तुम्हाले."

बनाबाईचा एक पाय पोलिओनं लहानपणीच गेलेला. बाभळीच्या काट्यांनी तिची तीनचाकी आठवड्यातून दोनदा वाटेत बसायची. म्हणून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या सुवर्णानं, तिच्या लेकीनं, बिनहवेचा टायर करायला घेतला. पहिला भरीव रबराचा. त्यानं आईची हाडं खिळखिळी केली. दुसऱ्याच्या पोकळ्यांत काळी माती शिरली आणि वाळून दगड झाली. हा तिसरा. आत पॉलियुरेथेन या चिवट प्लास्टिकच्या, वजनानं लवणाऱ्या बाकदार पट्ट्या आणि माती शिरू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पातळ रबरी पडदे. आज कॉलेजचे सर तो चालवून बघणार होते. टिकला, तर टायरच्या कंपनीत तिचं नाव सुचवणार होते. त्यांना आणायला सुवर्णा स्टँडवर गेली होती.

जानरावला काही राहवेना. पोरगी शिकली खरी, पण सरांसमोर चाक असं बसलं तर हसं होईल. त्यानं पडद्याचे स्क्रू काढले. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, कानशीनं घासल्या, सोल्युशन लावलं आणि आतल्या पट्ट्यांमधली एकेक पोकळी ठासून भरली.

"तिले इचारलं का?" बनाबाईनं विचारलं.

"तिच्यासाठीच करून राह्यलो ना."

पडदा बसवून त्यानं पुन्हा अंगठा दाबला. चाक टणक लागलं. तो मिशीतल्या मिशीत हसला.

सर आले. सरकीच्या ढेपेचं पोतं मागे ठेवून बनाबाई रस्त्याच्या खडबडीत गिट्टीवरून निघाली. बघायला दुकानातली गिऱ्हाइकंही जमली. दुसऱ्याच फेरीत कडाडकन आवाज झाला आणि चाक एका अंगाला लवंडलं.

सुवर्णानं खाली बसून पडदा उघडला. आतून ट्यूबची काळी पट्टी निघाली, कानशीच्या तिरप्या रेघांची. ती घासण्याची पद्धत सबंध मोताळ्यात एकाच हाताची होती. तिनं एकदाच बापाकडे पाहिलं.

"हे काय भरलंस?" सर म्हणाले. "पट्ट्यांना वाकायला जागाच ठेवली नाहीस. तुटणारच त्या."

"चुकलं, सर."

"इतकी साधी गोष्ट? मग मी तुझं नाव कसं सुचवू?"

जानराव एक पाऊल पुढे आला आणि गिऱ्हाइकांकडे बघून मागे सरला. बनाबाई नवऱ्याकडे टक लावून बघत राहिली. सर घड्याळ बघून बाराच्या बससाठी चालत निघाले.

"माहं नाव काऊन नाही सांगतलं?" जानरावनं हळूच विचारलं.

सुवर्णा तुटलेले तुकडे गोळा करत होती.

"गिऱ्हाइकं उभी होती, बाबा."

जानरावला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात गर्दीतून गोपाल दूधवाल्यानं मोटरसायकल पुढे घेतली.

"काका, मागची हवा पाहा बरं."

सवयीनं जानरावचा अंगठा पुढे गेला आणि चाकापाशी थांबला.

"सुवर्णाले दाखव," तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मले नाही समजत. तिचं चाक मीच बिघडवलं. दबलं म्हणजे हवा कमी, इतकंच येते मले."

जानरावनं जमिनीवरची काळी पट्टी उचलली.

"गोपाल, मले स्टँडवर नेतं का? सरची बस निघून जाईन."

"हवा पुरते का पण?" गोपालनं विचारलं.

सुवर्णा उठली. हात ओढणीला पुसून तिनं मागच्या चाकावर अंगठा रोवला, अगदी बापासारखा.

"पुरते," ती म्हणाली. "बसा, बाबा."