पिवळ्या टोप्या

शनिवारचा सगळा बेत माझ्या भाच्यांनी आखला होता आणि मी त्यातलं एकेक ठिकाण निर्दयपणे उडवत होतो. मनोऱ्याला रांग असते, बोटीत मळमळतं, प्राण्यांना वास येतो. मोठी चिडून म्हणाली, मामाला फक्त नाही म्हणता येतं. पाच वर्षांच्या टिल्लूला जिराफ हवा होता आणि तो काही केल्या जिराफावरून हटत नव्हता. मला मात्र संध्याकाळी चारला संग्रहालयाच्या पायऱ्या गाठायच्या होत्या, बाकी शहर बुडालं तरी चाललं असतं. कारण त्या पायऱ्यांसमोर, रस्त्यापलीकडे, इस्पितळ आहे, आणि त्याच्या सातव्या मजल्यावर यांची आई होती.

आई कामासाठी परगावी गेली आहे, असं पोरांना सांगितलं होतं. ते ताईनंच ठरवलं. औषधांनी तिचे केस गेले होते, चेहरा सुजला होता, आणि त्या वॉर्डात मुलांना सोडतही नाहीत. सोमवारी ऑपरेशन. डॉक्टर मेव्हण्यांशी खाली बघत बोलायचे, त्यावरून मी काय ते समजलो होतो. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

गुरुवारी तिचा फोन आला.

"बारक्या, पोरांना एकदा बघायचंय मला. त्यांना न कळता."

मी म्हटलं, फोटो पाठवतो, व्हिडिओ पाठवतो, हवे तेवढे.

"फोटोत काय, हस म्हटलं की हसतात. माझ्याशिवाय ती कशी राहतात ते बघायचंय. आपली आपण हसतात का नाही, ते."

ती खिडकीत उभी राहणार आणि मी पोरांना समोर आणून खेळवणार, असं ठरलं. पण सातव्या मजल्यावरून माणूस मुंगीएवढा दिसतो. तिथं माझा धंदा कामाला आला. मी टोप्या शिवतो. त्या आठवड्यात आमच्या कारखान्यात कुठल्याशा शाळेच्या पिवळ्या टोप्यांचा माल चालू होता, असा भडक पिवळा की शिवताना डोळे दुखावेत. दर मालात चार जास्तीच्या शिवतोच. त्यातल्या दोन मी मुकादमाला सांगून घरी आणल्या आणि ताईला कळवलं, दोन पिवळ्या टोप्या शोध, चुकायचं नाव नको. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

शनिवारी पोरं टोप्या घालून निघाली. आधी जिराफ झाला, मग आइस्क्रीम झालं. चारच्या आत आम्ही संग्रहालयाच्या कोपऱ्यावर वळलो आणि मी जागच्या जागी थांबलो.

पायऱ्यांवर शाळेची सहल उतरली होती. खालपासून वरपर्यंत पोरंच पोरं, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर मी शिवलेली पिवळी टोपी. शाळेनं टोप्या कशाला शिवून घेतल्या असतील, हा विचार माझ्या रिकाम्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

वर बघितलं. सातव्या मजल्यावरच्या एका खिडकीत दोन आकृत्या दिसत होत्या, एक नर्सची, दुसरी तिच्या आधारानं उभी. मी ताईला फोन लावला. वाजत राहिला. दोन्ही हातांनी खिडकीची कड धरून उभी राहणारी बाई फोन कुठून उचलणार?

माझी पाचावर धारण बसली. गर्दीतून वेगळं दिसावं म्हणून मी पोरांच्या डोक्यावरच्या टोप्या ओढून काढल्या. टिल्लूनं भोकाड पसरलं. त्याला उचलून रस्त्याच्या कडेला न्यायला गेलो तर त्यानं अंग टाकून दिलं आणि फरशीवर बसकण मारली. मोठी म्हणाली, सगळ्यांदेखत असं का करतोस, आणि पाठ फिरवून दूर जाऊन उभी राहिली. मी वेड्यासारखा दोन्ही टोप्या हवेत हलवत होतो. पायऱ्यांच्या कडेला सहलीतला एक बारका पोरगा कबुतरांमागे धावत होता, त्याच्या मागे एक मोठी मुलगी, आणि दोघांचं हसू थांबत नव्हतं. मला त्यांचा रागच आला.

मग फोन वाजला. ताईला धाप लागली होती.

"दिसली रे. कबुतरांमागे पळत होता तो टिल्लूच ना? आणि मोठी पोट धरून हसत होती. किती उंच झाली."

माझ्या पायाशी टिल्लू हुंदके देत होता. मी तोंडावर हात दाबून त्याला गप्प केलं.

"बारक्या? तीच ना?"

"हो ताई," मी म्हणालो. "तीच."

"मग झालं," ती म्हणाली. "आता मला सोमवारची भीती नाही." फोन ठेवताना ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही.

थोड्या वेळानं सहलीच्या बाईंनी शिट्टी वाजवली आणि सगळ्या पिवळ्या टोप्या बसमध्ये चढून गेल्या. पायऱ्या ओस पडल्या. आता माझी दोन पोरं तिथं उभी केली असती तर शंभराव्या मजल्यावरूनही ओळखू आली असती. वर ती खिडकी अजून उघडी होती. मी फोन हातात घेतला. ती पुन्हा उठली असती, माझ्या एका शब्दावर उठली असती.

मी टिल्लूसमोर गुडघ्यांवर बसलो. त्याला टोपी घातली, त्याचं नाक पुसलं, माकडासारखी तोंडं केली, काखेत गुदगुल्या केल्या. एकदा हस रे राजा, म्हणून हात जोडले. तो माझ्याकडे बघत राहिला.

"आई कधी येणार?" त्यानं विचारलं.

मोठी हळूच जवळ आली आणि तिनं आपली टोपी माझ्या हातातून काढून घेतली. मी फोन खिशात टाकला. वर नर्सनं पडदा ओढला.