जिभेवरची नीळ

मित्रांनो, मी निळीचा रांजण, अबेओकुटा शहरात मोरोलाकेच्या आईच्या अंगणात कमरेपर्यंत मातीत रुतून बसलेला. माझ्या पोटात आता पावसाचं पाणी आहे आणि त्यात एक मेलेली पाल.

मला एका कुंभारणीने हातांनी थापून घडवलं. मोरोलाकेच्या आजीने माझ्यात पहिली नीळ मुरवली. नीळ जिवंत असते बरं का! तिला राखेचं पाणी पाजावं लागतं, निवांत आंबू द्यावं लागतं. ती तयार झाली की नाही, हे जिभेलाच नेमकं कळतं. आजी बोट बुडवून चाखायची, तिच्यामागे आई चाखू लागली. ती "झाली" म्हणाली की मगच खळीने नक्षी काढलेली कापडं माझ्यात उतरायची. बाहेर यायची हिरवी आणि वाऱ्यावर बघता बघता निळी व्हायची. चाळीस वर्षांत तिची जीभ एकदाही चुकली नाही. त्याचा तिला गर्व होता आणि मलाही.

गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. तिने कुणालाच सांगितलं नाही. शेजारची सिकिरा एकदा तिच्या हातचा रस्सा खाऊन ठसकली.

"अगं बाई, रश्शात मीठ घातलंस की मिठात रस्सा?"

"तुझंच तोंड आलं असेल. जा, पाणी पी!"

अंगणातल्या बायका हसल्या. मीही हसलो, याची आज लाज वाटते.

आईची लेक मोरोलाके लेगॉस शहरात कपडे शिवायची. एका तरुण गायिकेच्या मोठ्या कार्यक्रमाचे सगळे पोशाख तिच्याकडे आले होते. असं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. ती धावत घरी आली.

"आई, सगळे म्हणतात छापील कापड घे. मी सांगितलं, माझ्या आईची नीळ नसेल तर मी सुईला हात लावणार नाही."

त्या आठवड्यात ऊन नव्हतं. माझ्यातली नीळ मुरलीच नव्हती. आईने बोट बुडवून जिभेवर ठेवलं, बराच वेळ ठेवलं. मला वाटलं, आता तरी सांगेल. पण समोर लेक उभी होती, कौतुकाने बघत.

"झाली," आई म्हणाली.

कापड हिरवं झालंच नाही, थेट निळंच बाहेर आलं.

"आई, हे असं कसं?"

"ढग आहेत ना! तुला काय कळतं त्यातलं? चार घास खाऊन जा. रस्सा केलाय."

"वेळ नाही गं, गाडी चुकेल."

आणि ती कापडं घेऊन गेली. मी ओरडून सांगू शकलो नाही.

कार्यक्रमात घामाने रंग सुटला. गायिकेचा गळा, हात, तोंड सगळं निळं झालं. लोक हसले. तिने गाणं अर्ध्यावर सोडलं. चार दिवसांनी मोरोलाकेने ते सगळं आईला फोनवर दाखवलं. ती रागावली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुझा काय दोष, आई? नीळच बेभरवशाची. यापुढे मी छापीलच वापरीन."

"माझ्या जिभेला चव नाही," एवढे चार शब्द होते! ते आईने गिळले आणि सगळा बोल निळीवर जाऊ दिला. त्यानंतर माझ्यात कुणी राखेचं पाणी ओतलं नाही. मोरोलाकेही फारशी येत नाही.

आई मात्र रोज सकाळी येते. पावसाच्या पाण्यात बोट बुडवते, जिभेवर ठेवते आणि कुणी नसताना म्हणते, "झाली."

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस "माझं सगळं ठीक आहे" म्हणालं, तर मान डोलावून निघून जाऊ नका. त्याच्या ताटातला एक घास खाऊन बघा. त्या दिवशी रस्सा चुलीवर तयार होता. मोरोलाकेने एक घोट जरी घेतला असता, तरी तिला सगळं कळलं असतं.