देखरेखीचा माणूस

गिरणी कामगारांच्या विमा दवाखान्यातल्या इंदूबाई नर्स म्हणजे तिखट बाई. डॉक्टरांनासुद्धा तोंडावर सुनवायच्या. पण बुधवारी देवमन आला की त्यांचाच आवाज इतका मऊ व्हायचा, की ऐकणाऱ्याचा विश्वास बसू नये.

देवमन अकोल्याच्या एका गिरणीत मागावर कामाला होता. गिरणीतलं कोणीतरी आपल्यावर रात्रंदिवस नजर ठेवून आहे, असं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. मागापुढं उभा राहिला की तो सारखा मागं वळून बघायचा, काम व्हायचं नाही. घर चालत होतं ते विम्याच्या रजेच्या पगारावर. इंदूबाई नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात काम शिकून आलेल्या, म्हणून डॉक्टर हरिहर देवांनी त्याला त्यांच्या हवाली केलं. डॉक्टर मूळचे अमरावतीचे, सज्जन आणि कमालीचे भित्रे.

मलमपट्टीच्या खोलीमागं एक लहान खोली होती. पहिल्या दिवशी देवमननं तिथलं कपाट उघडून पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. बाई हसल्या नाहीत. त्याच्याबरोबर त्याही वाकल्या.

"पाह्य, कोनी नाई. आता बोल," त्या म्हणाल्या.

कित्येक बुधवार असेच गेले. पावसाळा सरता सरता देवमन कपाटाकडं न बघता सरळ स्टुलावर येऊन बसायला लागला. त्याची बायको पंचफुला एकदा सांगून गेली, "बाई, काल हे पोटभर जेवले, अन् झोपले बी." थंडी पडली की याला कामावर धाडायचा, असं बाईंनी मनाशी ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात वरून तपासणीचे साहेब आले.

"मनाच्या रोग्यांवर इथं देखरेख कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझीच," डॉक्टर म्हणाले.

"तुमचा मानसशास्त्राचा अभ्यास?"

डॉक्टर टेबलावरचे कागद सारखे करू लागले. एकट्या नर्सनं केलेला उपचार विम्यात धरता येत नाही, आणि उपचार नाही तर रजेचा पगारही नाही, लायक माणूस नेमा, असं ऐकवून साहेब गेले. नागपूरचे तज्ज्ञ अकोल्याला यायला तयार होईनात. शेवटी सापडले गोपाळकृष्ण सबनीस. त्यांच्या पदविकेत म्हणे मानसशास्त्राचा एक पेपर होता. आणि सबनीस कोण, तर देवमनच्याच गिरणीचे कामगार अधिकारी! धन्य ती लायकी.

इंदूबाई कडाडल्या. "डाक्टरसायेब, ज्या गिरनीच्या भेवानं त्याचं डोकं फिरलं, तिथलाच मानूस आनून बसवता?"

"नियमात बसणारा दुसरा कोणी नाही हो," डॉक्टर पुटपुटले. "आणि ते बोलणारसुद्धा नाहीत. नुसते बसतील."

बुधवारी सबनीस खरोखरच नुसते बसले होते. देवमन दारातच थबकला.

"बाई, हे काहून आले?"

"बाई, समजवा त्याला," सबनीस सौम्यपणे म्हणाले. "सांगा, त्याच्यावर कोणी नजर ठेवत नाही."

ते वाक्य बाईंच्या अगदी जिभेवर होतं. आजवर किती वेळा त्या तेच बोलल्या होत्या! पण तेव्हा ते खरं होतं. देवमन त्यांच्या तोंडाकडं टक लावून पाहत होता, आणि बाईंना डोळे वर करवेनात.

"ठेवून राहिले, देवमन," त्या म्हणाल्या. "सायेब त्याच्यासाठीच बसले."

देवमननं मान डोलावली. आरडला नाही, ओरडला नाही. आला तसा निघून गेला.

नर्सच रोग्याचा भ्रम वाढवते, असं सबनिसांनी डॉक्टरांना सांगितलं. त्यात लबाडी नव्हती, त्यांना मनापासून तसं वाटलं होतं. डॉक्टरांनी बाईंना इंजेक्शनच्या खोलीत बसवलं, आणि देवमनची रवानगी नागपूरच्या इस्पितळात करायचं ठरलं. साऱ्या शहाण्यांनी मिळून हा निकाल लावला.

बाई स्टेशनवर गेल्या. देवमन खिडकीशी स्वस्थ बसला होता. आपण म्हणत होतो ते खरं निघालं, याचं समाधानच होतं त्याच्या चेहऱ्यावर.

डब्यात चढता चढता पंचफुला मागं वळली.

"बाई, एक डाव खोटं बोलल्या असत्या, त काय बिघडलं असतं तुमचं?"

आपलं काहीच बिघडलं नसतं, हे इंदूबाईंना गाडी सुटण्याआधीच कळलं होतं.