कण्हेरीच्या कळीचा कौल

मी कण्हेर बोलतेय, केरूच्या अंगणाभोवतीच्या दगडी गडग्यावरची. रागाने बोलतेय, हे आधीच सांगून ठेवते.

एकोणीसशे सत्तावीस साली केरूने माझी फांदी इथे खोवली, ती काही फुलांच्या हौसेने नव्हे. "कन्हेरीला गुरं तोंड लावत नाय," असं तो ज्याला त्याला सांगायचा. खोटं नव्हतं ते. मुळापासून फुलापर्यंत माझ्या अंगात विष आहे आणि हिरवं पान कडूजहर. केरूची गाय मला हुंगायची आणि मान फिरवून जायची. आमचं बरं चाललं होतं.

तेहतीसच्या शिमग्यात पालखीची वाट मोकळी करायला केरूने मला छाटलं आणि फांद्या गोठ्यामागे गवतावर फेकल्या. उन्हाने पानं सुकली, कडूपणा गवतात झाकला गेला. विष होतं तेवढंच राहिलं. गाईने गवताबरोबर पानंही खाल्ली आणि सकाळी ती गोठ्यात मरून पडली.

आदल्या दिवशी शेजारची हौसा ताक मागायला आली होती. तिचा नवरा आगबोटीवर खलाशी, घरात ती एकटी. "काय गो कास भरलीय हिची!" एवढंच बिचारी कौतुकाने बोलली. केरूच्या बायकोला, मथुराला, तेवढं पुरलं.

"हौशीचीच नदर लागली!"

"अगो वयनी, चांगलं म्हटलं त्यात माजं काय चुकलं?" हौसा रडत विचारत राहिली. ऐकतंय कोण?

गाव देवळात जमलं. गुरवाने कौल लावला. ओली कळी देवाच्या अंगाला चिकटवायची. उजवीकडे पडली तर हौसा सुटली, डावीकडे पडली तर नजर तिचीच. आणि कळी आणली कुठून? माझ्याच फांदीवरून! जिने गाय मारली तिलाच साक्षीला उभी केली. पाणी सुकलं, कळी डावीकडे गळली. अरे, सुकलेली कळी कुठल्या तरी बाजूला पडणारच! त्यात कसला आलाय न्याय?

तेव्हापासून हौसाच्या हातचं पाणी कोणी घेत नाही. ती विहिरीवर आली की बायका कळश्या उचलून बाजूला होतात. मला जीभ नाही याची तेव्हा जी चीड आली, ती अजून उतरलेली नाही.

यंदा केरूने पुन्हा मला छाटलं, पुन्हा तिथेच ढीग घातला. मेलेल्या गाईची पाडी दावं तोडून ढिगाशी गेली. हौसाने पाहिलं मात्र, गडगा ओलांडून धावली आणि पाडीच्या जबड्यात हात घालून तिने माझी पानं ओढून काढली. तेवढ्यात मथुरा केरसुणी घेऊन आली.

"गाय खाल्लीस, आता पाडीवर टपलीस?"

"अगो, तिच्या तोंडात काय हाय ते तरी बघ!"

मथुराने पाहिलं नाही. पाडीला ओढत गोठ्यात नेलं. पाडी जगली, आणि हौसाच्या पाठीवर केरसुणीचे वळ उठले. तरीही ती वाकून माझी छाटण एकटीच गोळा करत होती. मग अंगणाच्या कडेला खड्डा खणून तिने सगळी पुरली.

केरू, मला मुळासकट उपटून टाक. मी हूं की चूं करणार नाही. पण कुदळ उचलण्याआधी हौसाच्या दारात जा आणि तिच्याकडे तांब्याभर पाणी मागून पी.